पहिलं पुस्तक

माझा पुतण्या ओंकार हिंजवडीत नोकरीला लागला आणि पंधरा दिवसांत त्याचा फोन आला. "काका, मला मेनफ्रेमवर टाकलंय. रेक्स शिकायला सांगितलंय. पुस्तक कोणतं घेऊ?"

मी तेव्हा नेवाशात, पैस खांबाच्या देवळाबाहेर चपला शोधत होतो. एकादशी असल्यामुळे गर्दी होती. "रात्री फोन करतो," म्हटलं आणि तिथंच कट्ट्यावर बसलो. तेवीस वर्षं मी मेनफ्रेमवर काढली, त्यातली बरीचशी रेक्स या तिथल्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिण्यात. चार पुस्तकांची नावं चपला घालता घालता सांगता आली असती. पण ती सांगून त्याला फायदा होईल याची खात्री वाटेना. ज्याला विषय येत नाही त्यानं पुस्तक निवडायचं कशाच्या जोरावर? आणि ज्याला निवडता येतं त्याला पुस्तकाची गरज किती? हे कोडं रेक्सचं नाही. ज्या खांबाला मी नुकताच हात लावून आलो होतो, त्याच्यापाशीही ते आहेच.

त्या खांबावर एक जुना लेख कोरलेला आहे. येणारे वाचत नाहीत, मीही कधी धड वाचलेला नाही. खांबाला टेकून ज्ञानदेव गीतेचा अर्थ सांगत गेले, सच्चिदानंदबाबा लिहून घेत गेले आणि शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी झाली, हे आम्हाला ऐकून माहीत. दगडावरची अक्षरं आम्हाला वाचता येत नाहीत आणि तरी हात त्यालाच लागतात.

आमचे अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. रोज पहाटे ज्ञानेश्वरी वाचायचे. मी आठवी-नववीत असताना त्यांना विचारलं होतं, "अण्णा, बाजारात इतक्या ज्ञानेश्वऱ्या आहेत, तुम्ही हीच का घेतली?" साखऱ्यांची आहे, कुंट्यांची आहे, दांडेकरांची आहे, आणि राजवाड्यांनी १९०९ साली छापलेलीही आहे, जिची आपल्याला सापडलेली पोथी एकनाथांच्याही आधीची आहे असं ते म्हणत. अण्णांना हा सगळा वाद ठाऊक होता. पण उत्तर असं दिलं, "ही मला माझ्या मास्तरांनी दिली." मला ते तेव्हा फार कमी दर्जाचं उत्तर वाटलं. मास्तर माणसानं तरी कारण द्यावं!

आपल्या जुन्या शास्त्रग्रंथांना ही अडचण माहीत होती. म्हणून त्यांच्यात एक शिस्त होती, अनुबंधचतुष्टयाची. ग्रंथाच्या दारातच चार गोष्टी सांगायच्या: हा ग्रंथ कुणासाठी, विषय काय, वाचून मिळणार काय, आणि ग्रंथाचा त्या विषयाशी संबंध काय. अधिकारी, विषय, प्रयोजन, संबंध. यातला 'अधिकारी' हा शब्द आपण पुढं तहसील कचेरीत नेऊन ठेवला. मूळ अर्थ साधा आहे, वाचायची ज्याची तयारी झाली आहे तो. पुस्तक चांगलं की वाईट हा प्रश्न तिथं नंतरचा. तू कोण, हा आधीचा.

आयबीएमच्या मॅन्युअलांनीही हेच केलंय, याची मला गंमत वाटत आली आहे. मेनफ्रेमवरच्या टीएसओ रेक्सची मॅन्युअलं दोन. एक यूजर्स गाइड, दुसरं रेफरन्स. गाइडच्या सुरुवातीलाच लिहिलेलं असतं की हे कुणी वाचायचं, नवख्यानं कुठून सुरुवात करायची आणि ज्याला दुसरी भाषा येते त्यानं काय चाळून पुढं जायचं. रेफरन्स मात्र जाणत्यासाठी. नवखा माणूस बहुतेक वेळा रेफरन्स उचलतो, कारण ते जाड असतं आणि त्यात 'सगळं' असतं. मीही तेच उचललं होतं.

ते साल १९९७. अंधेरीला सीप्झमध्ये एका कंपनीत वायटूकेचं, म्हणजे सन २००० च्या तारखांचं, काम, गिऱ्हाईक परदेशी, मशीन तिकडं, आम्ही इकडून लाइनवरून बसायचो, रात्रपाळीत. आयबीएम १९७८ साली भारतातून गेलेली, १९९२ मध्ये टाटांबरोबर परत आली. मधल्या काळाची भूक आमच्या पिढीपर्यंत पुरली होती. मॅन्युअल म्हणजे झेरॉक्स, आणि झेरॉक्सची झेरॉक्स. डग लोवचं जेसीएलचं, म्हणजे जॉब चालवायच्या भाषेचं, पुस्तक तेवढं सगळ्यांकडं असायचं. रेक्सचं मात्र कुणाकडंच नव्हतं. माईक काउलिशॉ या माणसानं ही भाषा १९७९ पासून आयबीएममध्ये घडवली आणि १९८५ मध्ये तिच्यावर स्वतःच पुस्तक लिहिलं, ही माहिती आम्हाला होती. पण ते पुस्तक बघितलेला माणूस मला भेटला नव्हता. फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर मी ते दोन पावसाळे शोधलं.

म्हणून रेफरन्सची झेरॉक्स मिळाली तेव्हा मी ती पारायणासारखी वाचायला लागलो. रोज वीस पानं. महिना झाला, एक ओळ लिहिता येईना. आमच्या पाळीला एक सिनियर मॅडम होत्या, चेंबूरच्या. त्यांनी एका रात्री माझ्या टेबलावरून ती झेरॉक्स उचलली आणि स्वतःच्या ड्रॉवरमध्ये टाकून कुलूप लावलं. मला एक कागद दिला, साठ ओळींचा, त्यांच्याजवळचा एक्झेक, म्हणजे रेक्सचा प्रोग्राम. "हे टाइप कर. कॉपी करायचं नाही, टाइप करायचं. मग चालव. मग वरती ट्रेस लावून परत चालव आणि काय दिसतं ते मला सांग."

मला राग आला. पण टाइप केलं. पहिल्याच झटक्याला एररचा पाऊस. कारण वरची ओळ मी गाळली होती. ती नुसतीच टीप दिसत होती: तिरकी रेघ, चांदणी, रेक्स हा शब्द, चांदणी, तिरकी रेघ. मला वाटलं, शोभेची आहे. तर तीच ओळ वाचून मशीन ठरवतं की समोरचा मजकूर रेक्स आहे. ती नसेल तर ते त्याला सीलिस्ट, म्हणजे जुनी दुसरी भाषा, समजून वाचायला घेतं. (प्रोग्राम कुठल्या लायब्ररीत ठेवलाय यावर हे अवलंबून असतं, पण आमची लायब्ररी तशीच होती.) अण्णा किराण्याच्या यादीवरसुद्धा आधी 'श्री' काढायचे. मला ते आठवून त्या रात्री एकट्यालाच हसू आलं. ही 'श्री' तर चक्क काम करत होती!

त्याच आठवड्यात मला रेक्समधली जी गोष्ट सापडली, ती अजून मनातून जात नाही. इतर बऱ्याच भाषांत, ज्या नावाला तुम्ही अजून काही किंमत दिलेली नाही ते वापरलं की एरर येते, नाहीतर आत काहीतरी कचरा निघतो. रेक्समध्ये तसं नाही. ज्या नावाला कुणी काही दिलेलं नाही, त्याची किंमत म्हणजे तेच नाव, मोठ्या अक्षरांत. 'से राम' असं लिहा, आधी राम म्हणजे काय हे कुठंही सांगू नका, अवतरण चिन्हंही टाकू नका. पडद्यावर राम उमटतो. लहान अक्षरांत लिहिलंत तरी मोठ्या अक्षरांत.

वारकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला हे वाचून काय होईल ते सांगायला नको. नाम आणि नामी वेगळे नाहीत, हे मी पाळण्यापासून ऐकलेलं. दिवाळीला घरी गेलो तेव्हा अण्णांना मोठ्या उत्साहानं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. म्हणाले, "म्हणजे ज्याला कुणी काहीच दिलं नाही, त्याच्यापाशी त्याचं नाव तरी उरतं. चांगलं आहे. पण ते रिकामं आहे रे. आपलं नाव रिकामं नसतं." आणि पुन्हा पोथीत डोकं घातलं. माझा सिद्धांत दीड मिनिटात निकालात निघाला. पुढं त्या रिकाम्या नावानं मला चांगलाच धडाही दिला. मी खासगी प्रोग्रामांत मराठी नावं वापरायचो. एकदा 'यादी' ऐवजी एक 'ए' जास्त पडला. भाषेनं तक्रार केली नाही, त्या चुकलेल्या नावालाच किंमत मानलं, आणि गिऱ्हाइकाच्या मशीनवर माझ्या आयडीखाली 'याादी' नावाची फाइल जन्माला आली. सकाळी तिकडच्या ऑपरेटरनं विचारलं, हे काय आहे? तेव्हापासून मी दर प्रोग्रामात नोव्हॅल्यूचा सापळा लावतो: बिनकिमतीचं नाव दिसलं की थांब. नामावर श्रद्धा घरी, सापळा ऑफिसात.

झेरॉक्सच्या त्या कुलपावरून एक आठवलं. आमच्याच जिल्ह्यात, शिर्डीला, याहून मोठा प्रसंग होऊन गेलाय. साईसच्चरितात तो सत्ताविसाव्या अध्यायात आहे. एक रामदासी बुवा शिर्डीत मुक्कामाला होते. विष्णुसहस्रनाम, अध्यात्म रामायण नेमानं वाचायचे. साईबाबांनी एक दिवस पोट दुखतंय म्हणून त्यांना सोनामुखी आणायला बाजारात पाठवलं, आणि मागं त्यांच्या पोथ्यांतून विष्णुसहस्रनाम उचलून माधवराव देशपांड्यांना, म्हणजे शामाला, दिलं. शामाला ते नकोच होतं. तो खेडवळ माणूस, संस्कृतचा उच्चार जमायचा नाही, वर बुवा तापट. आणि झालंही तसंच. बुवा परत आले आणि पोथीवरून भांडायला उठले. बाबांनी त्यांनाच समजावलं, की पोथी पाठ असून जर ममता सुटत नसेल तर वाचलं काय!

हा प्रसंग मला पूर्ण पचलेला नाही. दुसऱ्याची वस्तू, त्याला बाहेर पाठवून, न विचारता द्यायची, याला लीला म्हणून मी सहज मान डोलावू शकत नाही. पण त्यातली एक गोष्ट मला त्या कुलपामुळे कळली. ज्याला पोथी येत होती त्याच्याकडून ती गेली आणि ज्याला येत नव्हती त्याच्याकडं आली. दोघांपैकी एकानंही हे निवडलेलं नव्हतं. त्याच अध्यायात बापूसाहेब जोगांचाही किस्सा आहे. टपालानं आलेलं पार्सल काखेत मारून ते दर्शनाला आले, वाकताना ते खाली पडलं. आत टिळकांचं गीतारहस्य निघालं, १९१५ साली छापून आलेलं, ताजं. बाबांनी चाळलं, वर एक रुपया ठेवला आणि जोगांच्याच हातात परत दिलं. इथं पुस्तक जोगांनी स्वतः मागवलेलं होतं. बाबांनी त्यात काय घातलं? माझ्या मते काहीच नाही, एक रुपया सोडून. पण ते आता एका हातातून आलेलं पुस्तक झालं. असं पुस्तक माणूस अर्ध्यावर टाकत नाही.

न्यायशास्त्रात शब्द हे प्रमाण मानलंय, पण कुणाचाही शब्द नव्हे, आप्ताचा. ज्यानं ती गोष्ट स्वतः पाहिली आहे, आणि तुम्हाला फसवण्यात ज्याला रस नाही, त्याचा. अण्णांचं ते 'मास्तरांनी दिली' हे उत्तर मला पन्नाशीत कळलं. ते कारण देत नव्हते असं नाही. तेच कारण होतं.

पण एवढ्यावर थांबलो तर ती भाबडेपणाची गोष्ट होईल. कारण मॅडमच्या त्या साठ ओळींत एक खोट होती. आमच्या तुकडीत तो एक्झेक तीस जणांनी टाइप केला, पुढं प्रत्येकानं आपापल्या शिष्याला दिला. त्यात रिपोर्टवर तारीख घालायला डेट फंक्शन वापरलं होतं, 'यू' हे अक्षर देऊन. म्हणजे अमेरिकी पद्धतीची तारीख: महिना, दिवस, आणि सालाचे शेवटचे दोनच आकडे. आम्ही जगभरच्या प्रोग्रामांतली दोन आकडी सालं शोधून चार आकडी करत होतो, आणि शोधणाऱ्या हत्याराच्याच पोटात दोन आकडी साल! जानेवारी २००० मध्ये रिपोर्ट तारखेनुसार लावले तर नवे सगळे जुन्यांच्या वर जाऊन बसले. नुकसान काही झालं नाही. लाज मात्र वाटली. त्या रात्री मी रेफरन्स काढलं, डेट फंक्शनचं पान उघडलं. अक्षरांची एक यादी होती, त्यात 'एस' दिलं की साल चार आकडी येतं हे स्वच्छ लिहिलेलं. तीन वर्षं ते पान ड्रॉवरमध्येच होतं. मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मलाही तो कुणीतरी दिला होता."

हातातून हातात येणाऱ्या गोष्टीला हा शाप असतोच. ज्ञानेश्वरीलाही लागला. नेवाशाहून निघून तीनशे वर्षांत नकला करणाऱ्यांनी तिच्यात काय काय मिसळलं असेल! एकनाथांनी पैठणला बसून शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, प्रती ताडून पाठ शुद्ध केला. आपण एकनाथांना संत म्हणून हात जोडतो. त्यांनी इथं केलं ते काम मात्र डीबगिंगचं होतं आणि त्याला श्रद्धेइतकीच शंकाही लागते. नुसता श्रद्धाळू असता तर त्यानं हाती आलेल्या पोथीची आणखी एक नक्कल केली असती. नुसता शंकेखोर असता तर नवी लिहिली असती.

रेफरन्स मॅन्युअल मला पहिल्या वर्षी का उमगलं नाही आणि चौथ्या वर्षी एका मिनिटात का उमगलं, याचं उत्तर मला अमृतानुभवात मिळालं. ज्ञानेश्वरीनंतर निवृत्तिनाथांनी म्हटलं, हे दुसऱ्याच्या ग्रंथावरचं झालं, आता तुझं स्वतःचं सांग, आणि मग अमृतानुभव झाला अशी परंपरा आहे. त्यात सहावं प्रकरण शब्दखंडनाचं. शब्दांनीच रचलेल्या ग्रंथात शब्दाचं खंडन! ज्ञानदेव आधी शब्दाचा गौरव करतात, की विसरलेल्याला तो आठवण करून देतो. आणि मग त्याचीच मर्यादा दाखवतात. त्या प्रकरणाचा खरा विषय अविद्या आणि आत्मा हा आहे, तो मला झेपत नाही, आणि डेट फंक्शनसाठी ज्ञानदेवांना कामाला लावणं बरं नव्हे हेही समजतं. पण 'आठवण' हा धागा मी तिथून उचलला. रेफरन्स शिकवत नाही, आठवण करून देतं. ज्याच्यापाशी आठवायला काही नाही, त्याला ते कितीही पानांचं असलं तरी कोरंच.

काउलिशॉचं पुस्तक मला शेवटी मिळालं, २००३ मध्ये, १९९० ची दुसरी आवृत्ती, एका निवृत्त होणाऱ्या गृहस्थांकडून. पातळसं आहे. मी ते एका रविवारी वाचून काढलं आणि मला रडू यायचं राहिलं. दोन पावसाळे ज्याच्यासाठी भिजलो त्यात मला न येणारं फारसं काही नव्हतं. पण एक गोष्ट कळली. या माणसानं भाषेचा प्रत्येक मोठा भाग आधी कागदावर लिहिला, लोकांना वाचायला पाठवला, त्यांच्या शंका ऐकल्या, आणि नंतर कोड केलं. म्हणजे इथं लिखाण आधी, भाषा मागून. उलटसुलट रेघोट्या मारलेलं ते पुस्तक आज माझ्या देवघराच्या वरच्या फळीवर आहे. खालच्या फळीवर अण्णांची ज्ञानेश्वरी. हौसेनं ठेवलंय असं नाही, जागा तिथंच होती.

तर त्या एकादशीच्या रात्री ओंकारला फोन केला. नावं सांगायच्या आधी विचारलं, "तुला करायचंय काय?"

"म्हणजे?"

"म्हणजे सकाळी जाऊन बसतोस, तेव्हा हातानं काय करावं लागतं, ज्याचा कंटाळा येतो?"

त्यानं सांगितलं. रात्री चाललेले चाळीसेक जॉब, प्रत्येकाचं आउटपुट एसडीएसएफच्या पडद्यावर उघडून बघायचं, रिटर्न कोड एक्सेलमध्ये चढवायचा. रोज दीड तास. मी म्हटलं, मग तुला सुरुवातीला काउलिशॉ नको. फॉस्डिकचं २००५ चं जाड पुस्तकही नको. ते चांगलं आहे, पण त्यात सगळ्या मशीनांवरची रेक्स आहे, तू हरवशील. यूजर्स गाइड आयबीएमच्या साइटवर फुकट आहे, त्याचा पहिला भाग फक्त. आणि एसडीएसएफला रेक्समधून कसं बोलवायचं यावर आयबीएमचं एक रेडबुक आहे, त्यातलं एकच उदाहरण. रेफरन्स उतरवून ठेव, उघडू नकोस.

"आणि तुमचा एखादा एक्झेक द्या ना काका."

मी थोडा थांबलो. मग मॅडमच्या साठ ओळी, माझ्या वहीत होत्या त्या, फोनवर एकेक करून वाचून दाखवल्या. त्यानं लिहून घेतल्या. डेटपाशी आलो तेव्हा 'एस' सांगितलं. का 'एस', ते सांगितलं नाही.

दोन दिवसांनी ऑफिसच्या जिन्यातून त्याचा फोन. "काका, गंमत झाली. तुमचं टाइप करायच्या आधी म्हटलं आपलं काहीतरी करून बघू. से ओंकार असं लिहिलं, लहान अक्षरांत. त्यानं माझं नाव मोठ्या अक्षरांत छापलं!"

"अवतरण चिन्हं टाकायची राहिली असतील."

"हो, राहिली. पण चाललं ना?"

"चाललं," मी म्हटलं.